मी आयर्लंडला विरोध केला तेव्हा

सांगू की नको, असं करता करता आज सांगूनच टाकते. आयर्लंडला स्वराज्य मिळू नये म्हणून मी भाषणाला उभी राहिले, आणि स्वराज्य देऊन खाली बसले.

निजामसरकारच्या राज्यात, आमच्या नळदुर्गच्या शाळेत, आपल्या स्वराज्याचं नाव काढायची सोय नाही. म्हणून मास्तरांनी वादविवाद सभेसाठी लांबचा देश निवडला. विरोधी बाजू मला दिली. का? "हिचं बोलणं कुणाला ऐकूच येत न्हाय, विरोध हिलाच देऊ," म्हणाले.

माझे मामा वकील. त्यांच्याकडं एका विलायती कायदेपंडिताचं जाड पुस्तक होतं. पार्लमेंट कशी चालते ते जगाला शिकवणारा हा माणूस, आणि शेजारच्या आयर्लंडला मात्र पार्लमेंट नको म्हणतो! असं का, हे मला कळेना. मामांनी मराठीत सांगितलं, मी वहीत उतरवलं. गंमत म्हणजे पंडित आधी आयरिश लोकांचं म्हणणं अगदी मन लावून मांडतो, आणि मग ‘पण’ म्हणून एकेक मुद्दा खोडतो. मीही त्याच क्रमानं पाठ केलं.

सभेला तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब आले. ‘आयरिश लोक म्हणतात’ हे पहिले शब्द मी इतके हळू म्हटले, की कुणाला ऐकूच गेले नाहीत. पुढं मात्र आवाज असा फुटला, की माझं मलाच नवल वाटलं. "आमचा कारभार आम्हीच करू. चुकलो तर आमचे आम्ही निस्तरू." टाळ्या पडायला लागल्या. मी "पण" म्हटलं, आणि वेळ संपल्याची घंटा झाली. घंटा झाली की बसायचं असतं. मी बसले.

"मास्तरसाब, ये क्या पढाते तुम?" साहेब म्हणाले. "नौकरी प्यारी नै?"

मास्तरांचा चेहरा खडूसारखा झाला. "साब, पोरगी विरोधातलीच हाय. तिची वही बघा."

साहेबांनी वही शेवटपर्यंत वाचली. माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वहीकडं पाहिलं. "ठीक. मतं घ्या."

स्वराज्य द्या म्हणणारे हात भराभर वर गेले. नको म्हणणारा एकही नाही.

मास्तर माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "अगं, तू तरी हात वर कर की. माझ्या नोकरीचा सवाल हाय."

"मास्तर," मी मान खाली घालून म्हणाले, "माझा मघाशीच वर करून झाला."

साहेबांना ते ऐकू गेलं. त्यांना हसू आवरेना, आणि त्या हसण्यात मास्तरांची नोकरी वाचली. वहीवर मात्र त्यांनी उर्दूत शेरा मारला. मास्तरांनी तो साऱ्या वर्गाला वाचून दाखवला: ‘दलील पक्की, वकील कच्ची.’