स्टीलच्या बिजागऱ्या

उघाडीच्या लोखंडी दारावर, बिजागरीच्या शेजारी मी स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं झडपेसारखं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला खारं पाणी अडवतं. पेणच्या खारपट्ट्यातलं हे गाव. आत भात पोटरीला आलेलं आणि अमावास्येचं उधाण तोंडावर.

मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर होते. गावाने मदत मागितली म्हणून साहेबांनी मला पाठवलं. निघताना म्हणाले, पत्रा लावा, रंग मारा आणि विषय संपवा.

दार तसं नवंच होतं. बांध कमिटीच्या कमळाबाईंनी हट्टाने स्टेनलेस स्टीलच्या महागड्या बिजागऱ्या बसवून घेतल्या होत्या. आता सगळे त्यांच्यावरच खापर फोडत होते. त्याही बांधावर आल्या होत्या.

बिजागऱ्या चकचकीत होत्या. सडलं होतं भोवतीचं लोखंड. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले, की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यातला कमजोर धातू झिजतो. इथे बोल्टची भोकं पाडताना रंग उडाला होता. सगळा मारा त्या उघड्या जागेवर झाला.

बिजागऱ्या उत्तम आहेत, बसवणाऱ्याने दोन धातू टेकू नयेत म्हणून मध्ये रबर घातलं नाही, असं मी कमळाबाईंना सांगितलं.

"माझी निवड चुकली नाय ना? मग ह्यांना मोठ्यानं सांगा."

मी सांगितलं. लोक जरा वरमले.

मग साहेबांना फोन लावला. नुसता रंग टिकणार नाही, जस्ताचे ठोकळे द्या, म्हटलं.

"ते कशाला?"

"लोखंडाच्या आधी ते झिजतात, सर."

ठोकळे आले. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. बिजागरीखाली रबर, बोल्टवर प्लॅस्टिकच्या नळ्या, मग रंग. पाण्यात बुडणाऱ्या बाजूला जस्त बसवलं, त्याला मात्र रंग लावू दिला नाही; झाकलं तर ते झिजणार कसं? उधाणाला दाराच्या कडेने थोडं पाझरलं, तेवढंच. भात वाचलं.

पुढच्या वर्षी कमळाबाईंचा काळजीने फोन आला. "म्याडम, तुमचं जस्त अर्धं संपलं."

"दाराला गंज?"

"नाय."

"मग नवे ठोकळे घेऊन येते."

धातू किती चांगला, हे सगळेच विचारतात. तो कशाला जोडणार, हेही विचारावं.