चिठ्ठीवरची नऊ नावं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या प्रबंध विभागात बावीस वर्षं एकच बाई बसत होती. मुलं तिला पाठीमागे कुलूपबाई म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. प्रबंध घरी न्यायचा नाही, दहा पानांच्या वर झेरॉक्स नाही, मार्गदर्शकाचं पत्र नसेल तर आल्या पावली परत. कपाटातून प्रबंध काढून देताना तिचा चेहरा असा व्हायचा, जणू स्वतःचे दागिनेच देतेय. मात्र एखाद्याला विषय धड सांगता येत नसला, तरी चार प्रश्न विचारून ती नेमका प्रबंध त्याच्या हातात ठेवायची. कॉम्प्युटरवर शोधून थकलेले प्राध्यापकही शेवटी तिच्याकडेच यायचे.

प्रबंध वाचणाऱ्याने त्याच्या शेवटच्या पानावर डकवलेल्या चिठ्ठीवर नाव, तारीख लिहून सही करायची, ही तिथली पद्धत. बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्याच. पाच-पाच वर्षं रक्त आटवून लिहायचं आणि ते तळघरात पडून राहायचं. बाईला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

वाटलं ते शिंपीकाका यायला लागल्यावर. त्यांच्या मुलीने विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवर प्रबंध दिला आणि पदवी हाती पडायच्या आत ती तापाने गेली. काका दरवर्षी तिच्या वाढदिवसाला येत. आतलं त्यांना काही कळत नसे. ते थेट चिठ्ठी बघत.

"कुणीच नाही का हो, ताई?"

दोन वर्षं तिने "नाही" म्हटलं. तिसऱ्या वर्षी, काका येण्याच्या आदल्या दिवशी, तिने डाव्या हाताने एक नाव लिहिलं. उठता-बसता नियमावर बोट ठेवणाऱ्या बाईने! ते नाव पाहून म्हातारा इतका खुलला, की पुढे दरवर्षी एक नाव वाढत गेलं. आपण पुण्य करतोय असं तिला वाटायचं. तिथेच ती चुकली.

नववं नाव लिहिलं त्या वर्षी काका दोन गच्च पिशव्या घेऊन जिना उतरले आणि धापा टाकत बाकावर बसले.

"तिच्या वह्या आहेत, ताई. कुठल्या विहिरीत केव्हा किती क्षार, सगळं तिच्या हातचं. मी आता मुलाकडे राहायला चाललोय. सून म्हणते, रद्दी आणू नका. या नऊ जणांतल्या कुणाचा तरी पत्ता द्या. ज्याने वाचलंय त्याला किंमत कळेल."

"पत्ते नसतात हो आमच्याकडे."

"मग नावं तरी उतरवून द्या. उद्यापासून शोधत फिरतो."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, आणि नसलेल्या माणसांची घरं शोधत उन्हातान्हात फिरणार.

"काका, नका फिरू. ती नावं मीच लिहिलीत. कुणीही आलं नाही."

"नऊच्या नऊ?"

"हो."

काकांनी चिठ्ठीवरच्या एकेका नावावरून बोट फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनी मान वर केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चक्क आशा होती.

"म्हणजे तुम्ही तरी वाचला असेल ना, ताई?"

अकरा वर्षांत तिने तो कित्येकदा उघडला होता, पण मागूनच. आणखी एक खोटं बोलायला आता जीभ रेटेना.

"नाही, काका."

त्यांनी पिशव्या उचलल्या.

"वह्या इथे राहू द्या ना," ती घाईने म्हणाली.

"कशाला?" काका म्हणाले आणि जिना चढू लागले.