साडीवर बसंल असं रिग

माजा ल्योक आटपाडीत लग्नाचं फोटो आन् व्हिडिओ काडायचा. गेल्या साली गाडीवरनं पडला. डॉक्टरांनी उजव्या खांद्यात स्टीलची पट्टी घातली, पर हात छातीच्या वर जाईना. कॅमेरा घरात पडून ऱ्हायला. एक गिऱ्हाईक कॅमेरा इकत घ्यायला बगून बी गेलं. तवा सून म्हनली, "इकू नका. मी काडते."

लग्न झाल्यापासनं ती नवऱ्यामागं लाइट धरून उभी ऱ्हायची, त्यामुळं कवा काय काडायचं ते तिला ठावं. न्हाईतर डाळिंबाच्या बागंत रोजानं छाटनीला जायाचं. ते काम वंगाळ न्हाई, मी लय केलंय. पर ती म्हनली, घरात कॅमेरा आसताना हातात कात्री कशाला धरू.

पैलं लग्न तिनं कॅमेरा हातात धरूनच काडलं. घरी टीव्हीवर लावलं. नवरी हलतीया, मांडव हलतोय, भटजी बी हलतोय. ल्योक म्हनला, "लग्न हाय का जीपमदनं काडलंय?" सुनंनं नुसता टीव्हीचा आवाज बारीक केला, जसं काय त्यानं हलायचं थांबनार हाय.

मग माज्या चुलत दिराच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं. भावकी म्हनून काम आमाला दिलं. दीर बोलायला तिखट, आन् भावकीत त्याच्या शब्दाला वजन. ल्योक सुनंला म्हनला, "ह्ये बी हललं तर आपल्याला कुनी बोलवायचं न्हाई. मग कॅमेरा जातोय बग." ती म्हनली, "व्हय." मग त्यानंच सांगितलं की खांद्यावर टेकवायचं एक सामान मिळतंय, शोल्डर रिग म्हनत्यात. हाताचं वजन खांद्यावर जातंय, चित्तर हलत न्हाई.

ल्योकाला खांदा दाखवायला सांगलीला जायचंच व्हतं. मला बी डोळं दाखवायचं व्हतं. एसटीनं तिघं गेलो. कॅमेरा पिशवीत घालून सुनंनं मांडीवर धरला व्हता. दवाखाना झाल्यावर कॅमेऱ्याच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं इचारलं, "कोन वापरनार?" ल्योकानं चांगल्या हातानं बायकोकडं बोट केलं. त्यानं तिच्या साडीकडं बगितलं. मग त्यानं तीन रिग काडून ठिवली.

एक मोटारवालं. लय भारी, पर आमच्या आवाक्याबाहेर. आन् ल्योक म्हनला, आमच्याकडं गुलाल-भंडारा उधळत्यात, तो मोटारीत गेला की संपलं. दुसऱ्याला पोटावर टेकवायची दांडी. सुनंनं लावून बगितलं, तर दांडी बरुबर निऱ्यांत घुसली. ती वाकली की निऱ्या सुटायच्या बेतात. तिसरं साधं. दोन दांड्या, म्होरं दोन मुठी, खांद्यावर फोमची गादी. त्ये परवडनारं व्हतं. पर खांद्यावर घेतलं आन् सून वळली, तर डोईवरचा पदर सगळा खाली आला. आमच्यात पदर डाव्या खांद्यावरनं डोईवर घेऊन उजव्या खांद्यावर सोडत्यात. गादी नेमकी तितंच बसत व्हती. दोनी हात मुठीला, मग पदर सावरायचा कशानं?

दुकानदार म्हनला, "ताई, ड्रेस घालत जावा. ह्ये साडीचं काम न्हाई."

सून म्हनली, "आमच्यात सून ड्रेसवर लग्नाला गेली तर लोक नवरीला सोडून माजाच व्हिडिओ काडतील."

त्यो हासला. तिनं रिग खाली ठिवलं न्हाई. कॅमेरा लावून दुकानात हिकडनं तिकडं चालत ऱ्हायली. आमचा च्या पिऊन झाला तरी चालतच व्हती, पदर गळ्यात पडलेला. मग म्हनली, "ह्येच द्या. पदराचं मी बगते."

घरी आल्यावर ल्योकानं रिगच्या मागच्या टोकाला तागडीचं किलोचं माप बांधलं. म्होरं कॅमेऱ्याचं वजन पडत व्हतं, ते जागंला आलं. पदराचं काय जमंना. पिन लावली, तर पदर टरकला. कंबरंला खोचला, तर डोई उघडी. आंगनात ती फिरायची, पदर पडायचा, ती थांबायची. थांबली की चित्तर हलायचं.

लग्नादिवशी सकाळी आवरून झाल्यावर ती म्हनली, "आत्या, तुमचा शर्ट द्या."

माजा म्हंजे ल्योकाचाच जुना. भांगलायला, म्हंजे रानातलं तन काडायला जाताना मी साडीवर घालते. सगळ्याच बायका घालत्यात. ऊन लागत न्हाई, पदर आत दाबून ऱ्हातो. पर साडीवर शर्ट म्हंजे मजुरी, ह्ये लांबनं कळतंय. देवाला, लग्नाला कुनी घालून जात न्हाई.

माजा मालक गेला तवा ल्योक मांडीवर व्हता. दुष्काळ व्हता. रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले, तवा मालकाचाच शर्ट घातला व्हता. कपच्या उडायच्या त्या शर्टावर बसायच्या. मालकाचा वास थोड्या दिसांत गेला, मग नुसता शर्ट ऱ्हायला. रस्ता झाला, शर्ट फाटला, त्याची फडकी केली. वाटंत भावकीतलं कुनी दिसलं की मी घाईनं शर्ट काडून पाटीत घालायची.

ह्ये सगळं सुनंला सांगत बसले न्हाई. शर्ट दिला. तिनं पदर डोईवर घेतला, त्यावर शर्ट चडवला, गळ्यापतुर बटनं लावली. रिग खांद्यावर घेऊन आंगनात वळली. पदर जागचा हालला न्हाई.

लग्न म्हसवडला कार्यालयात व्हतं. दारातच दिरानं बगितलं. कडक टोपी, नवं धोतर. म्हनला, "काय गं, लग्नाला आलीस का भांगलायला?"

आजूबाजूची मानसं हासली. सुनंनं कॅमेरा चालू केलेला व्हता. ती म्हनली, "कामाला आलीया, मामा," आन् म्होरं गेली. दीर मग माज्याकडं वळला. "वयनी, तुमी तरी सांगायचं."

मी म्हनले, "पदर पडलाय का तिचा, भावजी?"

त्यानं बगितलं. पदर व्हता. त्यो पाव्हन्यांकडं गेला.

दिसभर ती उभी व्हती. अक्षता पडल्या, जेवनं झाली, वरात झाली. गुलालानं शर्ट लाल झाला. पाठवनीच्या टायमाला पोरीनं बापाच्या गळ्यात मिठी मारली. दीर कवा रडलेला मी बगितला नव्हता. सून त्यांच्याभवती हळूहळू फिरत व्हती, पाय घासत, जशी भरली घागर घेऊन चालतीया.

व्हिडिओ तयार झाल्यावर दीर आमच्या घरी बगायला आला. पैलं दारातलंच लागलं. मांडव थिर, मानसं थिर, आन् मदी त्याचाच आवाज, "लग्नाला आलीस का भांगलायला?" ल्योकानं सुनंकडं बगितलं. त्येवढं कापायचं ऱ्हायलं का तिनं मुद्दाम ठिवलं, मी कवा इचारलं न्हाई.

दीर म्होरं बगत ऱ्हायला. पाठवनी लागली तवा त्यानं टोपी काडून मांडीवर ठिवली. संपल्यावर म्हनला, "माजं त्येवढं बोलनं काडून टाक."

"तितं सनई घालते, मामा."

त्यो उटला. दारात चपला घालताना म्हनला, "धाकटीचं बी ठरत आलंय. तूच ये." मग वळून, "शर्ट तेवढा इस्त्रीचा घाल."

"घालते," सून म्हनली.

ल्योकानं पेटीतनं सोताच्या लग्नातला पांढरा शर्ट काडून दिला. कॅमेरा बगून गेल्यालं गिऱ्हाईक म्होरल्या आठवड्यात परत आलं. त्याला च्या पाजून तसंच माघारी लावून दिलं.