अण्णांच्या अँबेसिडरची चावी करायला निलंग्याहून नांदेडला

नांदेडला लोक गुरुद्वाऱ्याला जातात, दवाखान्याला जातात, लग्नाच्या बस्त्याला जातात. मी पिशवीत कुलूप घेऊन गेलो. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जुन्या गाडीची चावी हरवून बसलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची. पांढरी अँबेसिडर. लातूर जिल्हा झाला त्याच्या आदल्या वर्षी घेतलेली, त्यामुळं आरसी बुकावर अजून उस्मानाबादचा शिक्का आहे. चावी एकच, आणि ती कायम अण्णांच्या करदोड्याला. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून माती देतात. अण्णा गेले त्या दिवशी आंघोळ घातली, विभूती लावली, नवं धोतर नेसवलं, सगळं रीतीनं झालं. करदोड्याकडं मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी बाजूला घ्यायची म्हणून मी घरभर चावी शोधू लागलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "शोधू नका भाऊजी. ती त्यांच्यासंगं गेली."

पुढं वर्षभर गाडी पत्र्याखाली उभी. मग चैत्रात पुतण्याचा, शिवकुमारचा, पुण्याहून फोन आला. रविवारी येतो, गाडी चालू होत असेल तर राहू दे, नाहीतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. त्याचंही चूक नव्हतं. पत्र्याखाली पाण्याची टाकी बसवायची होती आणि जागा गाडीनं अडवली होती. वहिनी उठल्या. गाडीवरची धूळ पुसून आल्या. पाणी नव्हतं, म्हणून कोरड्याच फडक्यानं.

आमचा मेकॅनिक मेहबूबभाई म्हणाला, वायरी डायरेक्ट जोडतो, चावी लागतच नाही. वहिनींनी त्याला तिथंच थांबवलं. "वायरीला वायर लावून गाडी चोर चालू करतो. आमची सोताची हाय ती." मग त्यानं डॅशबोर्डातून चावीचं कुलूपच खोलून माझ्या हातात दिलं. मी स्वतः जन्मभर सायकलवाला, पण कुलूप सांभाळायला काय लागतं?

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. निलंगा ते लातूर दीड तास धरा. ज्येष्ठ नागरिकांना अर्धं तिकीट, पण ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा, कंडक्टरला उभं राहून पिशवी उपसणारा म्हातारा आवडत नाही. लातूरच्या स्टँडाबाहेर पोहे चांगले मिळाले. पाणी मात्र मागितल्यावर अर्धा ग्लास, आणि तो संपेपर्यंत पोऱ्या ग्लासाकडं बघत उभा. शेजारच्या चावीवाल्याकडं मशीन होतं. तो म्हणाला, जुनी चावी द्या, दोन मिनिटांत तशीच काढून देतो. जुनी चावी नाही म्हटल्यावर त्यानं कुलूप परत केलं आणि नांदेडच्या शिकलगार सरदारांकडं जा, असं सांगितलं. पिढीजात लोखंडकाम करणारे शीख लोक ते, चावी हातानं करतात.

लातूर ते नांदेड चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता. चार तास लागले. दोन्ही बाजूंना काळं, भेगाळलेलं रान आणि रिकामे टँकर उभे. गाडीत उदगीरचे दोघं होते. एकजण सांगत होता, यंदा उदगीर जिल्हा होणारच, मग पाण्याचं काम मार्गी लागेल. दुसरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लातूर जिल्हा होऊन इतकी वर्षं झाली. पाणी शेवटी रेल्वेनंच आलं की." पहिल्यानं पिशवीतून पेपर काढला.

नांदेडला उतरलात की रिक्षावाल्याला नुसतं शिकलगार म्हणा, तो नेतो. एका घराच्या ओट्यावर माझ्याच वयाचे सरदारजी बसले होते. समोर कानशी, लहान ऐरण, तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्या. मी कुलूप पुढं ठेवलं. त्यांनी हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि परत माझ्याकडं सरकवलं.

"गाडी कुठाय?"

निलंग्याला म्हटलं.

"मंग गाडी घेऊन या बाबा. नुसत्या कुलपाची चाबी मी करत न्हाई."

मी आरसी बुक काढलं. त्यावर नाव अण्णांचं, शिक्का उस्मानाबादचा आणि माझ्या ओळखपत्रावर लातूर. ते हसले. म्हणाले, कुठं कुलूप उघडलं गेलं की चौकशी आधी आमच्याच गल्लीत येते, म्हणून वडलांनी घालून दिलेला नेम आहे. माणूस पटल्याशिवाय कानस उचलायची नाही. मग जुनी चावी कुठं गेली ते विचारलं. जवळजवळ दोनशे किलोमीटर आलो होतो, खोटं बोलण्याइतकी ताकद उरली नव्हती. करदोड्याचं सगळं सांगितलं.

त्यांनी कुलूप परत उचलून उजेडाला धरलं. मग म्हणाले, "हे कुलूप लई झिजलंय. ह्याची काहीतरी खोड असणार. ती चावी कशी फिरवायचे तुमचे अण्णा?"

मला काय ठाऊक? मी मागच्या सीटवर बसणारा. वहिनींना फोन लावला आणि स्पीकर चालू करून ओट्यावर ठेवला. पलीकडून लगेच उत्तर आलं, जणू कुणी विचारायची त्या वाटच बघत होत्या. "आधी पार आत दाबायची. मग गव्हाच्या दाण्याइतकी बाहेर ओढायची. मग फिरवायची. तीस वर्षं शेजारी बसून बघत आलेय मी."

सरदारजींनी कानस उचलली. "चोराला दाण्याचं माप ठावं नसतं," म्हणाले.

काम बघण्यासारखं होतं. कोरी चावी दिव्याच्या काजळीवर धरायची, कुलपात घालून हलवायची, बाहेर काढून जिथं काजळी पुसली गेली तिथं कानशीचे दोन हात मारायचे. परत काजळी, परत कुलूप. मधेच त्यांनी फोनकडं बघून विचारलं, आतल्या झिजलेल्या पत्त्या बदलू का? मग ओढायची भानगड नाही, कुणीही सरळ फिरवेल. वहिनी म्हणाल्या, "नको. हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, बाईमाणूस, जुनी सवय मोडवत नाही. इथं माझं चुकलं.

दोन चाव्यांचे साडेतीनशे घेतले. निघताना रेडिएटर कोरडा असल्याचं बोलण्यात आलं, तर त्यांची बायको आत गेली आणि पाच लिटरचा कॅन भरून घेऊन आली. त्यांच्याकडंही नळ दिवसाआड होता. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, पाण्याबिगर चाबी काय करणार? रात्री लंगरमध्ये जेवलो, यात्री निवासात झोपलो, सकाळी कॅन मांडीवर घेऊन परत निघालो. कंडक्टर म्हणाला, "काका, ह्याचं फुल तिकीट लागतं बरं का. लातुरात माणसापरीस महाग हाय."

रविवारी शिवकुमार आला. मेहबूबभाईनं कुलूप बसवलं, स्वतःची बॅटरी जोडली, नवं पेट्रोल घातलं. नांदेडचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं, वर वहिनींनी घरातला एक तांब्या ओतला. शिवकुमार सीटवर बसला. चावी फिरवली, फिरेना. जोर लावला, तरी फिरेना. मी सांगायला तोंड उघडलं तर वहिनींनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी उपरणं झटकू लागलो.

"होत नाही काका," तो उतरत म्हणाला. "मी फोन करतो भंगारवाल्याला."

"सरक," वहिनी म्हणाल्या.

ड्रायव्हरच्या सीटवर त्या कधी बसल्या नव्हत्या. पदर खोचला, चावी आत दाबली, जराशी ओढली, फिरवली. पहिल्यांदा गाडी नुसती खोकली. दुसऱ्यांदा चालू झाली आणि पत्र्यावरची चिमणी उडाली. शिवकुमार आईकडं बघत राहिला. मग त्यानं टाकी कुठं बसवायची ते नव्यानं मोजायला घेतलं, परसाच्या बाजूला.

या प्रवासाचं काय राहिलं म्हणाल तर दाण्याचं माप, आणि गाडीत परक्या घरचं पाणी. तुम्ही निघालात तर आरसी बुक न्या, लंगरसाठी भूक ठेवून जा, आणि त्या ओट्यावर खरं तेच सांगा.

दुसरी चावी माझ्याकडं आहे, देवघराशेजारच्या खिळ्याला. पहिली वहिनींनी कमरेला कनवटीत खोचली, ती तिथंच असते. परवा मी म्हटलं, खिळ्याला लावून ठेवा, सांडेल कुठंतरी. तर म्हणाल्या, "सांडत न्हाई. फकस्त माझ्या टायमाला आधी कनवट बघा."