कॉम्प्युटरवरचं वर्तमानपत्र

कर्वेनगरात आमच्या हॉस्टेलखाली एक सायबर कॅफे होता. तो चालवणारे काका साठीचे, कायम हाफ स्वेटरमधले आणि मोजकंच बोलणारे. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की ते मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे.

एकदा मी घाईत मेल उघडीच ठेवून मेसला निघाले. अकोल्याला घरी ज्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं, त्याला लिहिलेली मेल. अर्ध्या वाटेत आठवलं आणि धावतच परत आले.

काकांनी त्या कॉम्प्युटरवर अख्खं वर्तमानपत्र पांघरलं होतं. समोर तिघे ताटकळत उभे होते. त्यातला एक माझा चुलतभाऊ!

"अहो काका, मशीन रिकामं आहे ना?" तो वैतागून म्हणाला.

"नाही. यांचं काम व्हायचंय," असं म्हणून काकांनी मला खुर्ची दाखवली. मग मी मेल बंद करेपर्यंत ते वर्तमानपत्र अंतरपाटासारखं मधे धरून उभे राहिले.

भाऊ गेल्यावर मी विचारलं, "तुम्हीच का नाही बंद केलीत?"

"बंद करायला बघावं लागलं असतं."

आता मी हिंजवडीत नोकरी करते. कुणी काय शोधलं, कुठे किती वेळ रेंगाळलं, ते सगळं माझ्या स्क्रीनवर येतं. यात काही गैर नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलंय. तरी जेवायला उठताना हात वर्तमानपत्र शोधतो.

आमच्या ऑफिसात वर्तमानपत्र येत नाही.