आलोच

महाडमध्ये पंप दुरुस्त करणारा एक माणूस आहे. फोन केला की 'आलोच सर' म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी हसत उगवतो. वर चहा मागून घेतो आणि बशीत ओतून फुंकत बसतो.

मी इंग्रजीचा मास्तर. परवा मला राहवलं नाही. "इंग्रजीतल्या 'सून' शब्दाचा अर्थ पूर्वी 'ताबडतोब' असा होता," मी त्याला सुनावलं. "तुझ्यासारख्यांनी वापरून वापरून त्याचं 'होईल थोड्या वेळानं' करून टाकलं. शब्द नासवता तुम्ही लोक!"

"म्हंजे सायबाच्या देशातपण आमच्यासारखीच मानसं हायत म्हना," तो खूश होऊन म्हणाला.

तेवढ्यात पोलादपूरकडच्या वाडीवरून त्याच्या आईचा फोन आला. तिला गुडघा दाखवायला दवाखान्यात न्यायचं होतं. "आलोच गो आये," म्हणत त्याने बशी पुन्हा भरली. माझं डोकंच फिरलं.

"अरे, निदान तिला तरी खरं सांग!"

"ती वळखते मला. एवढ्यात नाय निघायची घरातनं."

अर्ध्या तासाने मीच त्याला उलट फोन लावायला लावला. स्पीकरवर ट्रकांचे हॉर्न ऐकू आले.

"फाट्यावर कधीची उभी हाय रे," आई म्हणाली. "आलोच म्हनलास ना?"