ब्रेकचं माप

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. दिवसभर तोंडात टाचण्या धरून ती शिलाई मशीनवर बसायची म्हणून, आणि टाचण्या काढल्यावर जे बोलायची त्यामुळेही. नवीन शिवण्यापेक्षा तिच्याकडे जुनंच जास्त यायचं: कुणाची कंबर सैल करायची, कुणाची बाही आखूड. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याला समोर उभं केल्याशिवाय ती कात्री उचलत नसे. "अंगावर बघू दे, मग बोलू," हे तिचं ठरलेलं वाक्य. नवरा लिफ्टमन होता, आता घरी बसलेला. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं आणि स्वतः तळमजल्यावरच राहिला, असं ती त्याला ऐकवायची. तो बिचारा हसायचा.

मुलगा एकुलता एक. सायकलवरून घरोघरी पार्सलं पोचवायचा. सकाळी उशिरा निघायचा तो रात्रीच परतायचा, आणि तोवर टाचणीचा जीव टांगणीला. एकदा कोपर सोलवटून आला.

"ब्रेक उशिरा लागतो," जखम धूत तो म्हणाला. "मूठ पार आवळली की मगच धरतो. आता सवय झालीये."

"मग दुकानात टाक ना सायकल!"

"दुकानवाला दिवसभर ठेवून घेतो. एक दिवस बसलो तर त्या दिवसाचं काम दुसऱ्याला जातं, आई."

त्याच आठवड्यात टपालवाली तिच्याकडे पँट घेऊन आली. घरोघर पत्रं टाकत सायकल हाणणारी ही बाई, पँटचा पाय साखळीत अडकून फाटलेला. टाचणीनं पाय अरुंद करता करता मुलाचं गाऱ्हाणं मांडलं. टपालवाली म्हणाली, "मावशी, शेडवर या की. आम्ही सायकलवालेच एकमेकांना दुरुस्ती शिकवतो."

शेड म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यामागचं गोदाम. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथं सायकलवाले जमायचे. भिंतीवर नट आवळायचे पाने टांगलेले, कोपऱ्यात मोडक्या सायकलींचा ढीग. लागेल तो भाग त्यातून काढून घ्यायचा. फी काही नाही. शिकून झालं की झाडू मारायचा, नाहीतर नट आकाराप्रमाणे डब्यांत लावायचे. मात्र दोन नियम होते. ज्याची सायकल तो शेजारी उभा असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. आणि ज्यानं दुरुस्त केली त्यानंच पहिली फेरी मारायची.

टाचणी शिकली, आणि झपाट्यानं शिकली. धाग्याचा ताण ओळखणाऱ्या बोटांना ब्रेकच्या वायरीचा ताण काय जड? पंक्चर काढणं, साखळीची कडी बदलणं, ब्रेकचे रबर घालणं, सगळं तिला जमायला लागलं. भाजीवाला, रखवालदार असले बाप्ये गडी तिला विचारायला लागले. तिचे पाय जमिनीला लागेनात. घरी नवऱ्याला नखांतलं काळं ग्रीस दाखवत म्हणायची, "बघा, मेंदी!"

फक्त फेरी मारायची वेळ आली की ती गुडघा धरायची. "अगं बाई, कळ आली. तूच मार गं फेरी." टपालवाली मारायची. टाचणीला सायकल चालवता येत नाही, जन्मात ती कधी सायकलवर बसली नाही, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आता इतकी वाहवा झाल्यावर सांगणार कोणत्या तोंडानं?

मुलाला ती म्हणाली, चल एकदा शेडवर. तो म्हणाला, बघू. बघू म्हणता म्हणता महिना गेला. शेवटी एका सकाळी तो गाढ झोपलेला असताना तिनं शेडवरून मागून आणलेले रबर आणि पाना घेतला आणि जिन्याखाली उतरली. जुने रबर काढले, नवे घातले. वायर ओढून नट आवळला. हँडलवरच्या ब्रेकच्या लिव्हरला बोट लावलं तर चाक जागच्या जागी गच्च. तिनं आणखी अर्धा आटा दिला. लेकरू सुरक्षित राहायचं तर ब्रेक असाच हवा, असं तिला मनापासून वाटलं. वर येऊन ती निवांत मशीनवर बसली. त्याला म्हटलं तर तो ओरडेल, म्हणून बोलली नाही. आपोआप कळेल त्याला, आणि खूश होईल.

त्याला कळलं ते उतारावर. समोरून हातगाडी आडवी आली आणि त्यानं रोजच्यासारखी मूठ पार आवळली. पुढचं चाक जागीच थिजलं आणि पोरगा हँडलवरून उडून रस्त्यावर पडला.

दवाखान्यात त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. खांद्याचं हाड मोडलं होतं. "काल तर ब्रेक असा नव्हता," तो बापाला सांगत होता. "हात लावला आणि एकदम..."

"मी घट्ट केला," टाचणी म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. "मला विचारलं असतंस तर?"

"तू झोपला होतास."

त्यानंतर कित्येक दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, पाणी दिलं की प्यायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाप समजूत घालायला गेला, "अरे, करायला गेली काय आणि उलटे झाले पाय. आईच ती." पोरानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

टाचणीनं शेडवर जाणं सोडलं. मशीनवर तिचं चित्त लागेना. एकाची बाही उलटी शिवली, दुसऱ्याचा खिसाच शिवून बंद केला. पोराची मान मोडली असती तर, हा विचार टाके घालताना यायचा आणि पाय मशीनच्या पायडलवर थांबायचा. आपल्याच हातांची तिला भीती वाटायला लागली.

टपालवाली आणखी एक पँट घेऊन आली तेव्हा टाचणीनं सगळं सांगितलं. गुडघ्याचंही. टपालवाली रागावली, अगदी तोंडावर रागावली. "ब्रेक कधी दाबलाच नाही, तर तो माणसाला कसा लागतो हे कळणार कसं? मावशी, तुम्ही गिऱ्हाइकाला उभं केल्याशिवाय कात्री लावता का?"

आतल्या खोलीत पोरगा ऐकत होता.

हाड जुळत आलं तशी त्याची चलबिचल सुरू झाली. काम हातचं जायची वेळ आलेली. सायकल जिन्याखाली तशीच, चाक वाकडं, ब्रेक गच्च. दुकान परवडणारं नव्हतं आणि एका हातानं पाना चालत नाही. एका संध्याकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "शेडवर येतेस?" इतक्या दिवसांनी तो तिच्याशी बोलला, आणि तेही तिच्याकडे न बघता. ती मागोमाग निघाली. या खेपेला चुकलं तर हा पोरगा पुन्हा कधी आपल्यावर विसंबणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

टपालवालीनं ढिगातून चाक काढून दिलं. टाचणीनं ते बसवलं. मग ब्रेककडे वळली. पोरगा शेजारी उभा, बरा हात लिव्हरवर.

"सैल कर."

तिनं नट सोडून वायर थोडी ढिली केली.

"अजून."

"अरे, पण..."

"आई, अजून."

तिचा हात पुढे होईना. प्रत्येक वेळी ढील देताना तिला उतार दिसत होता, हातगाडी दिसत होती. सैल ब्रेक म्हणजे मरण, असंच तिचं मन सांगत होतं. तरीही ती देत गेली. लिव्हर अर्धा दाबल्यावर ब्रेक धरायला लागला तेव्हा तो म्हणाला, "बस. आवळ." तिनं आवळलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"फेरी," टपालवाली म्हणाली, आणि बाकीचे सवयीनं टाचणीच्या गुडघ्याकडे बघायला लागले.

"गुडघा ठणठणीत आहे," टाचणी म्हणाली. "मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती."

भाजीवाल्याच्या हातातला नट खाली पडला. कुणी हसलं नाही. पोरानं सायकल दाराशी नेली, जिथं ट्रकांसाठी केलेला छोटा उतार होता. सीट पार खाली केली. "बस. चालवायची नाही, पाय जमिनीजवळच ठेव. मी धरतो. म्हणेन तेव्हा दाब."

त्यानं एका हातानं सीट धरली आणि सायकल सोडली. चाकं फिरली, जमीन पायाखालून सरकली. तो काही म्हणायच्या आतच तिनं होता नव्हता तेवढा जोर लावून मूठ आवळली. हळू दाबावं, जपून दाबावं, असलं काही सुचलंच नाही. भ्यालेला हात पूर्णच दाबतो. सायकल थोडी पुढे गेली आणि अलगद उभी राहिली.

म्हणजे त्या सकाळी त्यानंही असंच दाबलं होतं. पूर्ण. आणि आपण त्याच्या हातात काय देऊन ठेवलं होतं, ते तिला आत्ता कळलं, उमगलं, आणि ती हँडलवर वाकून रडायला लागली.

"झालं आई, थांबली," पोरगा म्हणाला. "सोड ब्रेक."

"थांब जरा," ती म्हणाली. बोटं उघडतच नव्हती. त्यानं आपला बरा हात तिच्या मुठीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला.